बॉकची नशा

ट्रॉयनडोर्फ या जर्मन खेड्यात कुणी कुठली बिअर प्यावी हे टिली रोटलाउफला विचारावं, असं सगळा गाव म्हणायचा. पांक्राट्सच्या बिअरखान्यात ती लग्नाआधीपासून बिअरचे मग वाहत होती. दोन्ही हातांत काठोकाठ भरलेले मग, आणि वर तोंडाचा पट्टा चालूच. खरं नाव ओटिली. पण एवढं नाव उच्चारून होईस्तोवर ती पुढच्या टेबलापाशी पोचलेली असायची, म्हणून टिली.

तिचं म्हणणं असं, की नशा एक नसते. जशी बिअर तशी नशा. पांक्राट्सची रोजची फिकी बिअर पायांत उतरते. माणूस हसतमुख राहतो, फक्त उठायचं म्हटलं की बूड हलत नाही. गव्हाची बिअर जाते डोक्यात. ती प्यायलेले दोन शेतकरी शेजारी बसवले, की बांधावरून जुंपलीच म्हणून समजा. धुरावर वाळवलेल्या माल्टची, म्हणजे मोड आणलेल्या सातूची, जी काळी बिअर असते, ती डोळ्यांत येते. तिसऱ्या मगाला मेलेली माणसं दिसायला लागतात. आणि नोव्हेंबरातली ती कडक बिअर, बॉक? तो थेट छातीत जातो आणि आतून कडी काढतो.

"हाइनर, तुला आज गव्हाची मिळायची नाही," ती म्हणायची. "सासरा बसलाय पलीकडे. फिकी घे आणि गप पी."

"अगं, पण मला तीच आवडते!"

"तुला आवडते. तुझ्या सासऱ्याच्या नाकाला झेपत नाही."

टेबल खदखदून हसायचं आणि हाइनर मुकाट्याने फिकी घ्यायचा.

बांबेर्गहून एक तरुण डॉक्टर गावच्या दवाखान्यात नवा आला होता. त्याने एकदा तिला समजावून पाहिलं. "फ्राउ रोटलाउफ, चढतो तो अल्कोहोल, आणि तो सगळ्या बिअरमध्ये एकच असतो. बॉकमध्ये जास्त, फिकीत कमी. बाकी माणूस जे मनात धरून बसतो तेच त्याला चढतं."

"डॉक्टर, तुमचं लग्न झालंय?"

"नाही अजून."

"मग राहू द्या," टिली म्हणाली, आणि रिकामे मग उचलून चालती झाली.

कारण टिलीपाशी पुरावा होता. तो घरी असायचा.

तिचा नवरा किलियान छपरांचा सुतार. गावातल्या निम्म्या घरांच्या डोक्यावर त्याचा हात फिरलेला, पण तोंडातून शब्द म्हणाल तर हो, नाही, बघू. त्याच्याशी बोलायचं म्हणजे विहिरीत बादली सोडायची आणि दोर संपला तरी पाण्याचा आवाज यायचा नाही. माणूस वाईट मुळीच नव्हता. टिली उठायच्या आत शेगडी पेटलेली असायची, तिच्या बुटांचे तळवे झिजायच्या आत बदललेले असायचे. पण का, कशासाठी, हे तो कधी सांगायचा नाही.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना मुलगी झाली. फार दुबळी होती. सुइणीने घाईघाईने तिच्या कपाळावर पाणी शिंपडून बाप्तिस्मा दिला, बार्बरा नाव ठेवलं, आणि त्याच दिवशी ती गेली. किलियानने पेटी स्वतः बनवली. चर्चच्या मागे लहान मुलांच्या थडग्यांची ओळ होती, तिथे ती ठेवून तो घरी आला आणि दुसऱ्या दिवशी छपरावर चढला. बायका टिलीला म्हणाल्या, दुसरं होईल. झालं नाही. मग बायका तेही म्हणेनाशा झाल्या. बार्बरा हे नाव गावात कुणी म्हणून घेतलं नाही. टिलीनेही नाही. ते नाव तिच्या घशात माशाच्या काट्यासारखं आडवं बसलेलं होतं.

बॉकचं पिंप नोव्हेंबरात सेंट मार्टिनच्या सणाला फुटायचं आणि नाताळाच्या तयारीला लागेपर्यंत संपायचं. त्या दिवसांत पांक्राट्स वाढायला बायका ठेवत नसे. बॉक चढलेली गर्दी आवरायला त्याला त्याचे दांडगे भाऊ लागायचे. म्हणून टिलीला दुपारपासून सुट्टी असे, आणि येताना ती दगडी सुरई भरून घरी आणायची. बार्बरा गेली त्याच्या पुढच्या वर्षी अशाच एका दुपारी किलियानने दुसरा मग संपवला, मिशी पुसली आणि म्हणाला, "आता चालायला लागली असती."

टिलीला आधी वाटलं, आपल्याला भास झाला.

"बार्बरा," तो म्हणाला. "टेबलाला धरून चालली असती."

मग तो बोलतच राहिला. पोरीचे केस कसे ओल्या गवतासारखे टाळूला चिकटले होते ते. पेटीला त्याने बाहेरून नाही, आतून रंधा मारला होता, पुन्हा पुन्हा मारला होता; कुठे कुसळ राहिलं तर तिला टोचेल म्हणून. टिलीने डोकं टेबलावर टेकलं आणि पोटभर रडली. तोही रडला. अंधार पडल्यावर त्याने दिवा लावला, आणि दुसऱ्या सकाळी तो पुन्हा पहिल्यासारखा. हो. नाही. बघू.

टिलीने मनाशी पक्कं केलं: ही बॉकची करणी.

पुढे दर वर्षी तेच. बार्बरा शाळेत गेली असती. बार्बराने आता माझं ऐकलं नसतं. बार्बराला एव्हाना कुणीतरी नाचायला बोलावलं असतं. त्या तीन-चार आठवड्यांत किलियान आईबद्दल बोलायचा, युद्धात गेलेल्या भावाबद्दल बोलायचा, टिलीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिच्या हातातून मग कसा सुटला होता ते सांगून हसायचा. टिली ते सगळं साठवून घ्यायची, मुंगी दाणे साठवते तसं, आणि उरलेलं वर्ष त्यावर काढायची.

एका वर्षी तिने पांक्राट्सला एक छोटं पिंप मागे ठेवायला लावलं. ईस्टरपर्यंत ते आंबून गेलं. मग तिने दुसरी कुठलीशी कडक बिअर आणून रात्रीच्या जेवणाला त्याच्यापुढे ठेवली आणि भांडी विसळता विसळता कान टवकारून राहिली. किलियान प्यायला, जांभई दिली आणि झोपायला गेला. तिची खात्रीच पटली. जे बॉक करतो ते दुसऱ्या कुणाच्या बापाला जमायचं नाही.

थडग्याची जागा गाव ठरावीक वर्षांपुरतीच देतं. चर्चमागच्या त्या ओळीची मुदत संपली तेव्हा गावाने ती थडगी सपाट केली. सगळीकडे करतात तशीच. किलियान ते बघून घरी आला, टोपी काढली आणि जेवायला बसला. टिलीने सूप वाढलं. ऑगस्ट महिना होता. ती रडली नाही. नोव्हेंबर येईल, मग रडू, असं म्हणून तिने थांबवून धरलं.

किलियानचं छपरावर चढणं नुकतंच बंद झालं होतं, तेवढ्यात त्याचे पाय सुजायला लागले. हृदय मोठं झालं होतं. डॉक्टर तोच, आता त्याचेही केस पांढरे झालेले. त्याने टिलीला बाजूला घेऊन सांगितलं, "दारूचा थेंबही नाही. बॉक तर मुळीच नाही."

किलियानला त्याचं काहीच वाटलं नाही. टिली मात्र कोठीच्या खोलीत जाऊन बटाट्यांच्या पोत्यावर बसली आणि तोंडात पदराचा बोळा कोंबावा तसं ॲप्रन कोंबून रडली. नवऱ्याचं दुखणं होतंच. पण त्याचा बॉक सुटला तर बार्बराचं नाव आता कोण घेणार?

सेंट मार्टिनच्या सणाला ती पांक्राट्सकडे गेली. "सुरईत माल्ट भर. पोरांना देतात ते, काळं, गोड, बिननशेचं."

"टिली, किलियानचं काळीज आजारी आहे, जीभ नाही. तो ओळखेल."

"गोळ्यांनी त्याला कशाचीच चव लागत नाही. भर तू."

पांक्राट्सने मान हलवली आणि भरलं.

दुपारी तिने नेहमीचा दगडी मग त्याच्यापुढे ठेवला, ॲप्रन काढून खुंटीला लावलं आणि समोर बसली. किलियानने एक घोट घेतला. पुन्हा एक. खिडकीबाहेर आलुबुखाराचं झाड पार निष्पर्ण झालं होतं, तिकडे तो बराच वेळ बघत राहिला. दुसरा मग अर्धा झाल्यावर तो म्हणाला, "बार्बराचे केस पिकायला लागले असते आता. आमच्याकडे लवकर पिकतात."

टिलीला आनंद झाला, अगदी चोरी पचलेल्या पोरासारखा. तिने मग भरायला सुरई उचलली. आणि हात तसाच राहिला.

सुरईत काही नव्हतं. थेंबभर नशा नव्हती. मग हे बोललं कोण?

"किलियान," ती म्हणाली. "हा बॉक नाही. हे पोरांचं माल्ट आहे."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या घोटाला. नुसतं साखरपाणी आहे."

"मग बोललास कसा?"

त्याने वेळ घेतला. तो नेहमीच घ्यायचा. "तू बसलीस ना."

"म्हणजे?"

"एरवी तू बसतेस कुठे, टिली? तिकडे मग, इकडे भांडी. मला शब्द जुळवायला वेळ लागतो. जुळतात तोवर समोर तुझी पाठ. आणि पोरीचं काय पाठीशी बोलायचं? बॉकच्या दिवसांत तू येतेस, बसतेस, माझ्या तोंडाकडे बघतेस. मी बोलणारच असं धरून बघतेस. मग मी बोलतो."

"मला वाटायचं, ते बॉकमुळे..."

"मला वाटायचं, तुला एरवी ऐकवत नाही. तू कधी तिचं नाव घेतलं नाहीस. म्हटलं, हिला वर्षातून एकदाच सोसतं. तेवढंच बोलावं."

टिलीने सुरई खाली ठेवली. "गाढवा," ती म्हणाली. "अरे गाढवा." आणि ते त्याला म्हटलं की स्वतःला, हे तिचं तिलाही कळलं नाही. तिला रडू येईना. कुणीतरी तिचं सगळं आयुष्य समोर आणून ठेवलं होतं आणि त्यातला रिकामा भाग बोट ठेवून दाखवला होता. किती सकाळी, किती रविवार, किती जेवणं. फक्त बसायचं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पांक्राट्सचं काम सोडलं. सबंध हिवाळा ती किलियानसमोर बसली. पण आता त्याला धाप लागायची. चार वाक्यं झाली की ओठ निळे पडायचे, आणि तीच म्हणायची, "राहू दे, दमशील." काही दिवस दोघांनाही काही सुचायचं नाही. काही दिवस तिचा संताप व्हायचा. ती ताडकन उठून बाहेर लाकडं फोडायला जायची, आणि दोन घाव घातले की धावत आत यायची. एकदा त्याने विचारलं, "तू का नाही घेतलंस तिचं नाव?" टिली म्हणाली, "मला वाटलं, तुझं काळीज फाटेल." किलियानने मान डोलावली, जणू छपराचं माप त्याला पटलं होतं. त्याच्या हातावर हात ठेवून ती कितीतरी वेळ बसून राहिली.

ईस्टरच्या आधीच्या उपासांत तो बांबेर्गच्या इस्पितळात गेला. शेवटी तोंडात नळी होती. टिली बोलत होती, तो डोळ्यांनी ऐकत होता. मग डोळेही मिटले.

दफनानंतरचं जेवण पांक्राट्सकडेच झालं. म्हातारा हाइनर तिच्याशेजारी येऊन बसला. काय बोलावं हे न सुचून म्हणाला, "टिली, अशा वेळी कुठली घ्यावी गं?"

"मला नाही माहीत, हाइनर," ती म्हणाली. "मला कधीच माहीत नव्हतं."

मे महिन्यात ती दगड घडवणाऱ्याकडे गेली. तो नवा होता, परगावचा. किलियानचं नाव, सुतार हा धंदा, सगळं त्याने कागदावर उतरवून घेतलं.

"खाली आणखी एक नाव," टिली म्हणाली. "बार्बरा."

"या तुमच्या कोण?"

"मुलगी." परक्या माणसाला हे ती पहिल्यांदाच सांगत होती, आणि घसा मोकळा होताना दुखत होता.

"माफ करा, आजी. जन्मतारीख?"

तिने सांगितली.

"आणि गेल्या कधी?"

"तीच."

त्याची पेन्सिल थांबली. त्याने हळू आवाजात विचारलं, अक्षरं बारीक घ्यायची का, लहान मुलांची घेतात तशी.

"नाही," टिली म्हणाली. "बापाएवढी."