नव्या इंजिनाच्या चाकांवर पाणी

टँकर वळणावर आला, की आधी डिझेलचा वास येतो आणि आमची अख्खी स्टेशनवस्ती घागरी घेऊन धावते. मीही धावते, पण त्या वासानं मला अजून सासूबाईंची ती घागर आठवते.

ही वस्ती वसली कोळशाच्या इंजिनामुळं. स्टेशनच्या टाकीवरून इंजिन पाणी भरून घ्यायचं, तेव्हा जे सांडायचं ते आम्ही बायका धरायचो. मेंढरांमागं फिरणारं माझं सासर त्या सांडलेल्या पाण्यापाशी थांबलं आणि घरं बांधून राहिलं.

मग पहिलं डिझेल इंजिन आलं. पाहुण्याच्या पायावर पाणी घालायची आमची रीत. सासूबाईंनी घरातली शेवटची भरली घागर उचलली.

"आत्ती, प्यायला तरी ठेवा की," मी म्हटलं.

"आगं, नवं इंजान मोठं हाय. लय पाणी सांडंल."

त्यांनी सगळी घागर चाकांवर ओतली, हळदकुंकू वाहिलं आणि रिकामी घागर पुढं केली.

ड्रायव्हर ओशाळला. "मावशी, ह्याला पाणी लागत न्हाई. आता टाकी बी भरणार न्हाईत."

मागं साऱ्या बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. चाकांवरचं पाणी खाली खडीत मुरत होतं. मला तेव्हा फक्त त्या ओतलेल्या पाण्याचा राग आला होता.

"मग आमी हितं कशापायी थांबलो रं?" सासूबाईंनी त्याला विचारलं.

त्यानं शिट्टी दिली. गाडीला आता इथं मिनिटभरच थांबायचं होतं.