निशिगंधाची पाच वर्षं

पेणच्या तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं टेबल आहे. रघू टायपिस्ट म्हटलं की कुणीही दाखवेल. सही करण्याआधी कागद वाचणारं गिऱ्हाईक मला मुळीच आवडत नाही, कारण ते चुका काढतं. निशिगंधा मोकलनं अख्खा कागद वाचला, तोही दोनदा.

तिला अलिबागला वकिलीसाठी प्रवेश मिळाला होता. फी भरायची ऐपत नव्हती, म्हणून सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा होता. बी.ए. होऊन पाच वर्षं झालेली, तेव्हा मधल्या काळाचं प्रतिज्ञापत्र जोडणं आलंच. माझ्याकडे त्याचा मजकूर तयार असतो, फक्त नाव बदलायचं: "सदर काळात मी शिक्षण अथवा नोकरी केली नाही, घरीच होते."

"काका, मी घरी नव्हते," ती म्हणाली. "कारखान्यात होते. गणपतीचे डोळे आखते मी."

"अगो, सगळ्या असंच लिवतात."

"वकील व्हायला निघालेय मी. पयलीच शपथ खोटी कशी घेऊ?"

तिचं घर रोह्याकडचं. वडील, गोविंदा, भात आणि वाल पिकवतात. पोरगी पेणला खोली घेऊन राहिलेली. कारखान्यात हिच्यासकट सात बायका, पण हजेरीवहीत नावं फक्त पुरुषांची. मागल्या वर्षी एक बाई फळीवरून पडली, हात मोडला, तर मालक जितेशशेठ म्हणाले, ही कामाला होतीच कुठं? त्या दिवसापासून हिच्या डोक्यात वकिली शिरली.

मी चरफडत मजकूर बदलला. हे अंगाशी येईल, असंही बजावलं.

आलंच. तीन आठवड्यांनी अर्ज त्रुटी दाखवून परत आला. नोकरी केली, तर उत्पन्नाच्या दाखल्यात तिची कमाई का नाही? मुदत आठ दिवसांची. शिष्यवृत्ती हुकली की प्रवेशही गेला.

"दहा मिनिटांत जुना मजकूर काढून देतो," मी म्हणालो, आणि अगदी मनापासून म्हणालो. तुझा पगार धरून उत्पन्न मर्यादेबाहेर गेलं तर काय करशील, हेही विचारलं. तिनं फोन लावला, तर गोविंदाचंही तेच. "लिव गो, घरीच होते म्हणून. कोण बघाया येतंय?"

तिनं त्रुटीचा कागद पुन्हा एकदा वाचला. डोळे भरले होते. मग फोनवर म्हणाली, "नाय बाबा. दाखलाच नवा काढू."

नव्या दाखल्याला मालकाचं पत्र हवं. जितेशशेठच्या कपाळाला आठ्या पडल्या. "गणपतीनंतर बघू," म्हणाले. गणपती पंधरा दिवसांवर आलेले. कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई म्हणजे विमलबाई. तिनं हातातला ब्रश खाली ठेवला. "मंग डोळेपण गणपतीनंतर आखू." बाकीच्या पाच जणींनीही ब्रश ठेवले. संध्याकाळच्या आत पत्र मिळालं, शिक्क्यासकट.

ते घेऊन पोरगी रोह्याला पळाली. तलाठी, सेतू केंद्र, पुन्हा तलाठी. पगार धरूनही उत्पन्न मर्यादेत बसलं. पगार कमी आहे म्हणून एवढं खूश झालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. मुदतीच्या शेवटच्या दिवशी अर्ज पुन्हा गेला.

दिवाळीनंतर एका सकाळी तिचा फोन आला. कॉलेजला निघालेली, एसटी वडखळला थांबलेली, मागं फेरीवाल्यांचा गलका. "काका, मंजूर झाली," एवढंच म्हणाली. मी सगळ्यांवर खेकसणारा माणूस, पण भर कचेरीसमोर मला रडू आवरेना. समोरचं गिऱ्हाईक बिचारं, कोण गेलं म्हणून विचारायला लागलं.

दुसऱ्या दिवशी टेबलाशी विमलबाई उभी.

"काय पायजे?"

"निशीला दिलात तसा कागद."

"तुला कुठं शिकायला जायचंय?"

"कुठं नाय. पण बावीस वर्सं मीपण कामाला हाय. तेवढं लिवून द्या."

मी तिला बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "कुठल्या सालापासून धरू?"