उंचावरून येणारा बॉल

नाशिकमध्ये आज माझी चूल पेटते ती चाचांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगताना मी घाबरत जाईन आणि घाबरलेला माणूस उपकार विसरतो. चाचा म्हणजे आमच्या कंपनीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर आणि कॅप्टन. मूळचे मालेगावचे. घरातले सगळे यंत्रमागावर, हे एकटेच सातपूरला येऊन प्रेस शॉपला लागले आणि कायम झाले. टीममधली पोरंच काय, आमचे साहेबसुद्धा त्यांना चाचाच म्हणायचे. माझ्या ते ना नात्याचे, ना गावचे. तरी त्यांनी माझ्यासाठी जे केलं ते सख्ख्या चुलत्यानं केलं नसतं.

मी कोल्हापूरचा. नववीत शाळा सुटली. सुटली म्हणजे मीच सोडली, फुटबॉलपायी. आमच्या पेठेत पोरगं चालायला लागलं की लाथ मारायला शिकतं, त्यात विशेष काही नाही. माझं विशेष एवढंच, की मला उडी होती. कॉर्नर आला की मी दोन डोकी वर जायचो आणि हेड मारायचो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर एका स्पर्धेला नाशिकच्या एका कंपनीचे साहेब आले होते. त्यांना टीमसाठी स्ट्रायकर हवा होता. माझे दोन हेड बघितले आणि म्हणाले, "येतोस का? टेम्पररी लावून घेतो." वडील फाउंड्रीत भट्टीपुढं उभे राहायचे. ते म्हणाले, "जा. हितं काय ठेवलंय?" आईनं तर पोरगं कंपनीत लागलं म्हणून गल्लीभर पेढे वाटले. त्या पेढ्यांची मला पुढं फार भीती वाटायची.

टेम्पररीचा कायदा सोपा होता. सकाळी खात्यात काम, दुपारनंतर प्रॅक्टिस. सीझन संपला की ब्रेक, म्हणजे घरी जायचं. ब्रेकनंतर साहेबांनी बोलावलं तर यायचं, नाही बोलावलं तर विषय संपला. असे चार-पाच ब्रेक निभावले तर माणूस कायम होण्याची आशा. बोलावणं कशावर? स्ट्रायकरचं तर उघडच होतं, गोलवर. बॅकवाला वाईट खेळला तर एखाद्याच्या लक्षात येतं. स्ट्रायकरचं सगळ्या मैदानाला कळतं.

पहिला सीझन झकास गेला. चाचांची किक म्हणजे आमची अर्धी टीम. आपल्या गोलपासून मारायचे, बॉल हाफलाईन ओलांडून थेट माझ्या डोक्यावर. मी कधी विंगला सोडायचो, कधी सरळ गोलात. कोणी मला नावानं हाक मारत नसे. "कोल्हापूर!" असं चाचा ओरडले की बॉल येतोय हे मला न बघता कळायचं. ब्रेकनंतर बोलावणं आलं, आणि मला वाटलं, झालं, लागलो आपण मार्गाला.

दुसऱ्या सीझनला मालेगावात मॅच होती. शुक्रवार, म्हणजे माग बंद, आणि अख्खा गाव मैदानाभोवती. सायकलींवर उभी राहून माणसं बघत होती. कॉर्नर आला, मी उडालो, त्यांचा स्टॉपर, म्हणजे गोलपुढचा मधला बॅक, तोही उडाला. त्याचं डोकं माझ्या कानशिलावर बसलं, असं नंतर लोकांनी सांगितलं. मला फक्त एवढंच आठवतं, की बॉल पांढरा होता आणि मग काहीच नव्हतं. शुद्धीवर आलो तेव्हा चाचांची बोटं माझ्या तोंडात होती, जीभ आत जाऊ नये म्हणून. मी त्यांना कडकडून चावलो होतो. ते शेजारच्याला हसत सांगत होते, "जिवंत आहे. चावतोय अजून."

डॉक्टरांनी तपासलं, आराम सांगितला, थोड्या दिवसांनी खेळायला हरकत नाही म्हणाले. डोकं बरं झालं होतं. मी बरा झालो नव्हतो.

पहिल्याच प्रॅक्टिसला मला ते कळलं. बॉल उंच आला. मी जागा बरोबर घेतली, पाय बरोबर उचलले, आणि बॉल कपाळाजवळ येताच डोळे गच्च मिटले. मी मिटले नाहीत, ते मिटले. त्या क्षणभराच्या अंधारात मला वाटायचं, या वेळी उघडणारच नाहीत. दुसऱ्यांदा तसंच. तिसऱ्यांदा तर उडीच उशिरा घेतली, म्हणजे पोचायलाच नको. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, पोरगं झटतंय, नशीब नाही. मैदानावर तासन्‌तास मी तेवढंच करायचो, उशिरा पोचायचो.

आमचा स्टॉपर निफाडकडचा, द्राक्षवाल्यांच्या घरचा. तो एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "काय रे कोल्हापूर, उडायचं इसरला का काय? हितं तांबडा रस्सा मिळत नाय म्हणून?"

"तुमच्या द्राक्षांनी अंग जड झालंय," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो. 

रात्री झोप लागत नसे. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असला की देवळालीकडचा तोफांचा सराव आमच्या खोलीपर्यंत ऐकू यायचा. धप्प असा आवाज, आणि खिडकीची काच हलकेच थरथरायची. खोलीतले बाकीचे कूस बदलायचे. मी कानशिलावर हात ठेवून उठून बसायचो. रविवारी एसटीडी बूथवरून शेजाऱ्यांच्या फोनवर आईशी बोलायचो. ती विचारायची, "कायम कधी करणार रं तुला?" मी म्हणायचो, "करतील की." बूथची काच बंद असली तरी मला वाटायचं, बाहेरच्या माणसाला माझं खोटं ऐकू येतंय.

मग साहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुला आपण कशासाठी आणलंय, माहीत आहे ना?"

"हो साहेब."

"बरेच दिवस गोल नाही तुझा."

"होईल साहेब."

"ठीक आहे. ब्रेकनंतर बघू."

"बघू" हा शब्द मी तेव्हापासून कुणापुढे उच्चारत नाही. 

त्याच संध्याकाळी प्रॅक्टिसनंतर मी नळावर पाय धूत होतो. चाचा शेजारी येऊन बसले. हातमोजे काढता काढता म्हणाले, "सच बोल. हवेतला बॉल तुला दिसतो का?"

"दिसतो की चाचा."

"शेवटपर्यंत?"

मी नळ मोठा केला. त्यांनी तो बंद केला.

"आंखें मिटतोस तू. कोल्हापूरहून इतक्या लांब आला उडायला, आणि उडल्यावर अंधार करतो?"

मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रडू फुटलं. मी म्हणालो, "साहेबांना सांगू नका, चाचा. पाया पडतो."

"मी काय साहेबाचा रेडिओ आहे का? ऊठ. पाय पूस. सर्दी होईल."

हिंमत धर, घाबरतोस काय, असलं एक अक्षर ते बोलले नाहीत. मला वाटलं, विषय त्यांनी सोडून दिला.

पुढच्या मॅचला चाचा लंगडत आले. उजव्या मांडीला पट्टी. म्हणाले, "मांडी भरलीय. लांब किक जमणार नाही. मी बॉल हातानं बॅककडे सोडणार, खालून खेळा."

स्टॉपर म्हणाला, "मग गोलकिक मी मारतो की लांब."

"तुझी किक मैदानात पडते का कधी? मागच्या वेळी रिक्षात पडली होती. खालून खेळा, कॅप्टन कोण आहे?"

आणि मला म्हणाले, "कॉर्नरला तू गोलपुढच्या गर्दीत नको, डीच्या बाहेर थांब. सुटलेला बॉल तुझा."

त्या दिवसापासून बॉल जमिनीवरून यायला लागला. जमिनीवरच्या बॉलची मला कधीच भीती नव्हती. लोकांच्या पायातून सुटून आलेला बॉल मी डीच्या टोकावरून मारायचो आणि तो गोलात जायचा. माझे गोल परत सुरू झाले. मी भाबडेपणानं देवाचे आभार मानले, की बिचाऱ्या चाचांची मांडी नेमकी माझ्या वाईट दिवसांत भरली.

खरी गोष्ट एका दुपारी कळली. जेवणाच्या सुट्टीत मी स्टोअरच्या मागे हात धुवायला गेलो. पलीकडच्या मोकळ्या जागेत काही कामगार बॉलशी खेळत होते, तो भिंतीवरून अलीकडे आला. चाचा तिथंच उभे होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि सेफ्टी शूजसकट उजव्या पायानं अशी किक ठेवून दिली, की बॉल शेडच्या पत्र्यावरून, झाडावरून पार पलीकडे गेला. तीच जुनी किक. मग वळले, मी दिसलो. क्षणभर तसेच उभे राहिले आणि लंगडत चालायला लागले.

"चाचा," मी म्हणालो, "आता कशाला लंगडताय?"

"सवय मोडू नये म्हणून," ते म्हणाले. "तू काही बघितलं नाहीस. चल, भोंगा होईल."

मी त्यांच्यामागून चालत गेलो. आतापर्यंत मी एकटा पकडला जाणार होतो. आता आम्ही दोघे होतो.

पण झालं वेगळंच. ते लंगडणं बघून साहेबांच्या मनात बसलं, की चाचांचे दिवस भरले. त्यांनी नवा गोलकीपर आणला. उंचापुरा, माझ्याच वयाचा. सीझनची शेवटची मॅच देवळाली कॅम्पला, लष्कराच्या टीमशी होती. आदल्या दिवशी साहेबांनी टीम वाचली, त्यात चाचा राखीव. ते मान हलवून "ठीक आहे साहेब" म्हणाले आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागले. नव्या पोरानं उत्साहानं सांगितलं, "माझी किक लांब जाते साहेब. सरळ स्ट्रायकरला देतो." साहेब खूश. म्हणजे बॉल परत हवेतून माझ्या डोक्यावर येणार होता.

मी चाचांना गेटपाशी गाठलं. म्हणालो, "मी सांगतो साहेबांना. तुमची मांडी चांगली आहे म्हणून. सगळं सांगतो."

त्यांनी माझी कॉलर धरली. एकदाच आयुष्यात. "सांग आणि उद्याच्या गाडीनं कोल्हापूरला जा. माझी नोकरी कायम आहे, मला कोण काढणार? टीममधून काढतील, खात्यातून नाही. तुला दोन्हीकडून काढतील. अक्कल आहे का?"

"पण चाचा, तुम्हाला खेळायचंय की अजून."

त्यांनी कॉलर सोडली. सायकलवर बसून निघून गेले. ती न बोललेली गोष्ट मला आजही ऐकू येते.

कॅम्पचं मैदान हिरवंगार, आमच्या मुरुमाच्या मैदानापुढे गादीच. भोवती जवानांची कुटुंबं खुर्च्या टाकून बसलेली. त्यांचा स्टॉपर दाराएवढा. पहिल्या हाफमध्ये नव्या पोरानं मारलेली प्रत्येक किक माझ्यावर आली आणि प्रत्येक वेळी मी उशिरा उडालो. डोळे मिटायचे, अंगावर त्या जवानाचं वजन यायचं, आणि बॉल परत आमच्याकडे. एकदा बॉल माझ्या मानेला लागून गेला. साहेब रेषेवर हाताची घडी घालून उभे होते.

मध्यंतरात चाचा पाण्याची बादली घेऊन माझ्याजवळ आले. ओठ न हलवता म्हणाले, "उडूच नकोस. तो तुझ्यावर रेलून उडतोय. शेवटी बाजूला हो. त्याला रेलू दे हवेवर."

दुसऱ्या हाफमध्ये दोनदा माझी हिंमतच झाली नाही. न उडणं म्हणजे सगळ्यांसमोर भीती कबूल करणं, असं वाटायचं. तिसऱ्यांदा बॉल आला, जवानाचा खांदा पाठीला लागला, आणि मी एक पाऊल बाजूला सरलो. तो पुढे झुकून तोल गेल्यासारखा उडाला, बॉल त्याच्या केसांना लागून मागे पडला. टप्पा घेतलेला बॉल, माझ्या पायापुढे. मी मारला. तो पोस्टला लागून आमच्या विंगवाल्याकडे गेला आणि त्यानं आत ढकलला. गोल त्याच्या नावावर. पुढे त्यांनीही एक फेडला. आणि तो कॉर्नरवर, मी ज्याला अडवायला उभा होतो त्याच्याच हेडनं. माझे डोळे मिटलेले होते. मला गोल झाल्याचं ओरड्यावरून कळलं.

बरोबरी. गाडीत साहेब माझ्याशी बोलले नाहीत.

ब्रेकमध्ये घरी गेलो. आई विचारायची, मी टाळायचो. शेजारच्यांचा फोन वाजला की जेवता जेवता हात थांबायचा. पेठेतली पोरं मैदानावर बोलवायची, मी पाय मुरगळलाय म्हणून सांगायचो, आणि सांगताना चाचांसारखाच थोडा लंगडायचो. बोलावणं अगदी उशिरा आलं. बाजूला टाकलेल्या त्या पावलामुळे आलं की आधीच्या गोलांमुळे, साहेबांनी कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. विचारलं तर ते परत विचार करतील अशी भीती.

चाचा मात्र परत गोलमध्ये उभे राहिले नाहीत. राखीव म्हणून एक सीझन आले, मग येणंच सोडलं. मी आणखी काही वर्षं खेळलो. हेडची भीती गेली नाही, तिला चुकवून कसं खेळायचं ते शिकलो. शेवटी कायम झालो. दोन हजार सालानंतर कंपनीनं टीमच बंद केली. मी मशीनवर राहिलो, लग्न केलं, खोली घेतली. मुलानं जवळून बॉल उडवला तर आजही माझे डोळे मिटतात, आणि तो हसतो.

चाचा निवृत्त होऊन मालेगावला गेले. मागे भेटायला गेलो होतो. मैदानाजवळच्या चहाच्या टपरीवर त्यांनी माझी ओळख करून दिली. टपरीवरचा एक म्हातारा मला सांगायला लागला, "क्या किक थी इनकी! पण मांडीनं घात केला. नाहीतर अजून पाच वर्षं खेळले असते." मी तोंड उघडलं. चाचांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला आणि म्हणाले, "हां भाई, मांडीच खराब निघाली." मग माझ्याकडे बघून, "चहा पी, कोल्हापूर. थंड होतोय."

मी चहा प्यालो. मला तेव्हा धीर झाला नाही, आणि त्यांची परवानगीही नव्हती. इथं लिहिलं आहे तेही नाव न घेता. पण चाचा, एखाद्या शुक्रवारी मी येईन. माग बंद असतील, गाव मैदानाभोवती असेल. त्या टपरीवर सगळ्यांसमोर उभा राहीन आणि सांगेन, की यांची मांडी शाबूत होती, घाबरलेला मी होतो. तुम्ही टेबलाखालून कितीही लाथा मारा. एवढी फेड मी एक दिवस करणार आहे.