दुपारी मिटणारं आभाळ

लहानपणी चारुलता तिसऱ्या हाकेला ओ द्यायची. पहिली हाक तिला ऐकूच जायची नाही, दुसरी जायची ती कुठून तरी फार लांबून आल्यासारखी. पांझरेच्या काठी, धुळ्यापासून थोडं आत त्यांचं गाव. अंगणात भांडी घासता घासता तिची आई ताईबाई वैतागायची. "कथा ध्यान शे वं तुनं? आभायमा काय शे, इतलं काय दखी ऱ्हायनी?"

आभाळात काही नसायचं. घार असली तर असायची, नाहीतर तीही नाही. चारुलताला मात्र ते मोकळं आभाळ बघता बघता गुंगी यायची, आणि त्या गुंगीत तिला बरं वाटायचं.

अशी मुलगी पुढे काय करणार याची ताईबाईला काळजी होती. पण चारुलता धुळ्याला डिप्लोमा झाली, जळगावला एका खाजगी मोजणी कार्यालयात लागली, आणि आईलाही घेऊन आली. लग्नाच्या गोष्टी आल्या तशा गेल्या. सुरुवातीची काही वर्षं ती यंत्र खांद्यावर घेऊन शेताशेतांतून हिंडली. मग कार्यालयाला आत बसून काम करणारं माणूस हवं होतं, तेव्हा तिने आपणहून खुर्ची मागून घेतली. डाळमिलच्या रस्त्यावर वरच्या मजल्यावरची ती खोली. खिडकी उघडी ठेवली की तुरीच्या टरफलांचा बारीक पिवळा धुरळा टेबलावर बसायचा. रोज सकाळी तो फडक्याने पुसायचा आणि कामाला लागायचं.

काम काय, तर आभाळातलं ऐकलेलं नीट लिहून काढायचं. दूर कुठेतरी शेतात तीन पायांच्या तिकाटण्यावर एक यंत्र उभं असतं. त्याच्या डोक्यावर पांढऱ्या थाळीसारखा अँटेना. वरून जाणारे उपग्रह सतत काहीतरी सांगत असतात, आणि कोणता उपग्रह किती लांब आहे, त्याचा आवाज किती जोरात येतोय, हे यंत्र दर काही सेकंदांनी टिपून ठेवतं. फक्त प्रत्येक कंपनीचं यंत्र आपल्याच गूढ लिपीत टिपतं. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नाही. ते उलगडून, जगात कुठल्याही संगणकाला वाचता येईल अशा ठरलेल्या साच्यात उतरवायचं. त्या साच्याला रायनेक्स म्हणतात. वरती बिंदूचं, म्हणजे यंत्र उभं असलेल्या जागेचं नाव, अँटेनाची उंची, तारीख, आणि खाली आकड्यांच्या ओळींमागून ओळी.

दुसऱ्या कोणाला या कामाने जांभया आल्या असत्या. चारुलताला त्या ओळींमध्ये पुन्हा तेच अंगणातलं आभाळ भेटलं. एक उपग्रह क्षितिजावर उगवताना चाचरत बोलतो, वर चढला की त्याचा आवाज खणखणीत होतो, मग पलीकडे उतरता उतरता पुन्हा पुटपुटतो आणि जातो. आपले भारताचे काही आहेत, ते उगवत मावळत नाहीत, दिवसभर दक्षिणेच्या आभाळातच रेंगाळतात. पाचोऱ्याच्या बिंदूवर पश्चिमेकडून येणारा आवाज नेहमी दुहेरी यायचा, एखाद्या मोठ्या पत्र्यावर आपटून आल्यासारखा. तिथे जिनिंगचं छप्पर असेल, कापसाच्या गाड्या उभ्या असतील, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. विचारलं कधीच नाही. विचारलं असतं आणि तिथे छप्पर नसतं, तर?

यंदाच्या उन्हाळ्यात यावल तालुक्यातल्या एका रस्त्याची मोजणी निघाली. फैजपूरच्या शिवारात, केळीच्या बागांमधल्या एका मोकळ्या तुकड्यात दगड रोवून त्यावर यंत्र मांडलं. त्या बिंदूवर सगळ्या रस्त्याची भिस्त होती, म्हणून तिथे यंत्र दिवसेंदिवस उभं ठेवायचं होतं. वना नावाचा त्यांचा माणूस सकाळी जाऊन बॅटरी बदलायचा, आदल्या दिवसाची फाईल मोबाईलवरून पाठवायचा आणि पुढच्या बिंदूकडे निघून जायचा.

पहिल्याच फाईलीत चारुलता थबकली. सकाळभर आभाळ स्वच्छ बोलत होतं. ऐन दुपारी मात्र सगळे उपग्रह एकदम दबले, तोंडावर हात ठेवल्यासारखे. काही तर ऐकूच येईनात. आणि मग, हे तर तिने कधीच पाहिलं नव्हतं, आवाज हळूहळू परत आले. आधी माथ्यावरचे, मग कडेचे, एकेक करत. तासाभराने सगळं पूर्ववत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही.

तिने कार्यालयाचे मालक भूषणसर यांना दाखवलं. ते म्हणाले, "उन्हाने अँटेना बिघडला असेल. बदला." अँटेना बदलला. नव्या अँटेनावरही दुपार झाली की आभाळ मिटायचं.

"झाड असेल," भूषणसर म्हणाले.

"झाड असतं तर एकाच बाजूचे गेले असते, सर. आणि दिवसभर गेले असते. वीज जावी तसंही नाही, ती गेली की सगळं जातं आणि आली की सगळं येतं. हे..." ती थांबली. "हे झोपेतून उठल्यासारखं येतं."

भूषणसर हसले. चारुलता मॅडम असं बोलतात हे कार्यालयात सगळ्यांना माहीत होतं. "वनाला विचारा ना."

वनाला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, मी सकाळी जातो तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. शेत सुपडूनानांचं आहे, भला माणूस. जनावर नाही, पोरंसोरं नाहीत."

बिघाड असेल तर तो शोधायला हवा होता, कारण रस्त्याचं काम अडलं होतं. पण खरं सांगायचं तर चारुलताला तो बिघाड वाटतच नव्हता. रात्रंदिवस जागणारं आभाळ फैजपूरच्या त्या तुकड्यावर दुपारी घटकाभर डोळा लावतं, हे तिला मनातून आवडलं होतं. जेवणाचा डबा उघडून ती खिडकीशी बसायची आणि तिला वाटायचं, आता तिकडे मिटलं असेल.

"मीच जाऊन येते," ती एके दिवशी म्हणाली. भूषणसरांनी चष्म्यावरून पाहिलं. कित्येक वर्षांत तिने शेतात पाऊल टाकलं नव्हतं.

सकाळच्या एसटीने ती निघाली. तापीचा पूल ओलांडला आणि दोन्ही बाजूंनी केळी सुरू झाल्या. बाहेर वैशाखाचं ऊन पांढरंफेक, आणि त्या हिरव्या रांगांच्या आत मात्र पाण्याखाली असावा तसा उजेड. फैजपूरच्या स्टँडवर वना मोटारसायकल घेऊन उभा होता. त्याने तिला बांधावरच्या निंबाखाली सोडलं, पाण्याची बाटली दिली आणि तो पुढच्या बिंदूकडे गेला.

तुकडा नांगरून ठेवलेला होता. मधोमध यंत्र उभं होतं, तीन पायांवर, एकटं. वर आभाळ सताड उघडं. चारुलता निंबाच्या बुंध्याला टेकून बसली. ढेकळांवरून झळा उठत होत्या आणि त्या झळांमध्ये यंत्राचे पाय पाण्यात उभे असल्यासारखे हलत होते. कुठेतरी होला पक्षी घुमत होता. इतकी वर्षं जे आकड्यांत पाहिलं ते आभाळ आता खरोखरचं डोक्यावर होतं, आणि त्यात, लहानपणी असायचं तसंच, काही दिसत नव्हतं. तिचे डोळे जड झाले.

पावलांच्या आवाजाने ती जागी झाली. केळीच्या रांगांतून एक म्हातारी बाई येत होती. हातात बादली, आणि बादलीत भिजवलेलं गोणपाट. ती थेट यंत्रापाशी गेली.

"आली रे बाप्पा," ती यंत्राला म्हणाली. "जराशीक दम धर."

तिने गोणपाट झटकलं, अँटेनावरून अलगद पांघरलं, आणि लेकराच्या डोक्यावरचं टापरं नीट करावं तसं चारी बाजूंनी सारखं केलं. पाणी तिकाटण्याच्या पायांवरून ठिबकू लागलं.

चारुलता उठून उभी राहिली. ओलं गोणपाट! ओल्या कापडातून आवाज येत नाही. ते जसजसं वाळत जाईल तसतसे एकेक परत येतील. मिटणं आणि उमलणं, सगळं तिच्या डोळ्यांसमोर टपटप गळत होतं.

"मावशी," तिने हाक मारली.

म्हातारी दचकली. "कोन व माय तू?"

"मी जळगावहून आले. हे यंत्र आमच्या कार्यालयाचं आहे."

आता ही बाई घाबरेल असं चारुलताला वाटलं. झालं उलटंच. "तुमचं?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "मंग त्याले सावलीत काबरं नाही ठेवत? उन्हात उभं करून देलं अन् गेले निंघून! हात लावला तं चटका बसते. मी ज्यांच्या कामाले येते ते सुपडूनाना म्हनतात, बेबा, ते सरकारी आहे, हात लावू नको. मी नाहीच लावत हात. गोनपाट टाकते फकस्त, अन् ऊन उतरलं का काढून नेते."

"मावशी, त्याला ऊन बाधत नाही. ते उन्हासाठीच केलेलं असतं."

"त्याले नाही बाधत," बेबाबाई म्हणाल्या. "पन माह्याच्यानं पाहवत नाही ना."

रागवायचं तर कशावर? शेवटी तिने साध्या शब्दांत सांगितलं. हे यंत्र वरच्या उपग्रहांचं बोलणं ऐकतं. त्या ऐकण्यावरून ही जागा पृथ्वीवर नेमकी कुठे आहे ते कळतं. ओलं गोणपाट टाकलं की त्याला ऐकू येत नाही.

बेबाबाईंचा हात तोंडाशी गेला. "म्हंजे मी रोज त्याचे कान बांधले?"

"तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

बेबाबाईंनी घाईघाईने गोणपाट ओढून काढलं आणि पदराने अँटेना पुसला. मग ते ओलं गोणपाट हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या. आता याचं काय करायचं हे त्यांना सुचेना. चारुलताच्या लालबुंद झालेल्या चेहऱ्याकडे त्यांचं लक्ष गेलं. "मंग तू घे," त्या म्हणाल्या आणि ते त्यांनी तिच्या डोक्यावरून पाठीवर टाकलं.

तागाचा ओला वास आला. गार पाणी मानेवरून पाठीत उतरलं. बाहेरचं ऊन, होला, झळा, सगळं एकदम लांब गेलं. चारुलताने डोळे मिटले. आपण हसतोय की रडायला आलंय ते तिला कळेना.

दोघी निंबाखाली बसल्या. बेबाबाईंनी फडक्यातली कळण्याची, उडीद-ज्वारीची भाकर सोडली, सोबत ठेचा आणि कांदा. खाता खाता चारुलताच्या तोंडून 'सगळं'ऐवजी धुळ्याकडचं "बठ्ठं" निघून गेलं तशा बेबाबाई खुदकन हसल्या. "तू तं गावाकडची निंघाली! मी म्हनलं कोन्ही मोठी मॅडम आली."

मग त्या निंबाच्या पानांतून वर बघत आडव्या झाल्या. "आता कोन बोलून राह्यलं वरतून?"

चारुलताही शेजारी पडली. वेळ कुठली आहे हे तिला माहीत होतं आणि त्या वेळेचं आभाळ तिला पाठ होतं. "एक आत्ताच सातपुड्याच्या डोंगरावरून वर येतोय. अजून नीट बोलत नाही. एक अगदी माथ्यावर आहे. आणि हे दक्षिणेकडचे आपले, ते कुठे जात नाहीत."

"माथ्यावरचं ते सुरतेले बी ऐकू येते?"

"येतं की. सुरतेच्याही वरच आहे तो."

"माही लेक नूतन तठी दिली आहे," बेबाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदर कपाळावर ओढून घेतला. चारुलताला वाटलं झोप लागली असेल. पण त्यांचे डोळे उघडे होते, त्या पांढऱ्या, रिकाम्या आभाळात काहीतरी शोधत होते. चारुलताला आपल्या जन्मात पहिल्यांदा असं माणूस भेटलं होतं, जे तिच्या बाजूला पडून काही नसलेल्या आभाळाकडे तिच्याइतकंच मन लावून बघत होतं. वारा आला तशी केळीची पानं सळसळली. दुपार कधी कलली ते दोघींनाही समजलं नाही.

दुसऱ्या दिवशी वनाने ती फाईल पाठवली. चारुलताने टेबल पुसलं, खिडकी लावून घेतली आणि फाईल साच्यात घातली. बिंदूचं नाव, अँटेनाची उंची. ओळी वाहू लागल्या. दुपार आली, आभाळ काही क्षण दबलं आणि लगेच बोलू लागलं; या खेपेला ते मिटून राहिलं नाही. डोंगरावरून येणारा चाचरत वर आला, माथ्यावरचा खणखणीत बोलत गेला. त्याच वेळी खाली निंबाखाली दोन बायका पडल्या होत्या, भाकर खाल्ली होती, सुरतेची आठवण निघाली होती, याची आकड्यांत कुठेच खूण नव्हती. ती सगळी दुपार तिने एकेक ओळ करत पुन्हा पाहिली.

आधीच्या दिवसांच्या फाईलींतून तिने दुपारचा तेवढा भाग वगळला. साच्यात वरच्या बाजूला शेरा लिहायला जागा असते. तिथे तिने लिहिलं, की या वेळात अँटेनावर ओलं गोणपाट होतं. भूषणसरांनी वाचलं, आणि ते काढा म्हणण्यासाठी तोंड उघडून पुन्हा मिटलं. "राहू द्या," ते म्हणाले. "खरंच आहे ते."

रस्त्याचं काम मार्गी लागलं. यंत्र तिथून हललं आणि शेतात नुसता दगड राहिला. पुढे बऱ्याच दिवसांनी वनाचा फोन आला. तो त्या बाजूला गेला होता आणि बेबाबाईंनी त्याला नंबर लावायला लावला होता.

"ते गेलं व तुमचं," पलीकडून आवाज आला. "जागा सुनी सुनी वाटते. मी आपली निंबाखाली पडते जरा वेळ. ते डोंगरावरलं येते का अजून?"

"येतो ना, मावशी. पण तो रोज थोडा थोडा लवकर येतो. आता तर तुम्ही शेतात पोचायच्या आधीच येऊन जात असेल."

पलीकडे केळीची पानं सळसळली.

"असं व्हय," बेबाबाई म्हणाल्या. "मंग मी बी सकायीच निंघत जाईन."