चपलेला करपा

कुलूप लावलं की ती ते ओढून बघायची. जिना उतरल्यावर पुन्हा वर जाऊन ओढायची. घरात तिचं नावच पडलं, शंकेखोर.

पानाचा फोटो पाठवला की झाडाचा रोग सांगणारं मॉडेल या शंकेखोरने एकटीने घडवलं. रोपवाटिका पालथ्या घालून तिने रोगट पानं गोळा केली होती; आईच्या इस्त्रीच्या टेबलावर त्यांचे फोटो काढले होते. मॉडेल मात्र राहायचं क्लाउडवर, दूरच्या भाड्याच्या मशीनमध्ये.

"लोकांच्या घरी ठेवलेली वस्तू म्हणजे जिवाला घोर," आत्या म्हणाली.

मग तिने त्यालाही कुलूप घातलं. घरातल्या सगळ्या चपलांचे फोटो काढले आणि मॉडेलला शिकवलं, यांना करपा म्हणायचं. करपा, म्हणजे पानं होरपळवणारा रोग. फोटो सीलबंद करून वकिलाकडे ठेवले.

"माझ्या चपलेला करपा?" दादा खो खो हसला. "औषध फवारू का?"

"फवार. पण बाहेर बोलू नकोस."

पुढे तिच्या आधीच्या नोकरीतल्या सहकाऱ्यांनी थाटलेल्या कंपनीने हुबेहूब तसंच मॉडेल बाजारात आणलं. प्रकरण लवादापुढे गेलं.

"पानं सगळ्यांचीच असतात, ताई," त्यांचा इंजिनिअर म्हणाला. "उत्तरं सारखी येणारच."

तिला वेगळीच शंका छळत होती. चोरल्यावर त्यांनी मॉडेलला नव्याने शिकवलं असेल, तर चपला ते विसरलंही असेल. मग सगळी मेहनत पाण्यात.

लवादाच्या बाईंनी सील फोडलं. आधी तिसऱ्याच कंपनीच्या मॉडेलला चपला दाखवल्या. प्रत्येकीला एकच उत्तर: हे पान नाही. मग समोरच्यांच्या मॉडेलला.

दादाची निळ्या पट्ट्याची: करपा. आईची: करपा. आत्याची टाच झिजलेली: हे पान नाही.

तिने खुर्ची पुढे ओढली.

पुढची: करपा. त्यापुढची: करपा. शेवटपर्यंत करपाच.

"मॉडेलं चुकतातच," इंजिनिअर पुटपुटला.

"चुकतात ना," ती म्हणाली. "पण माझ्या घरची चूक तुमच्या घरी कशी आली?"

बाईंनी हसू दाबलं. निकाल लिहिताना मात्र हात अडखळला नाही: मॉडेल हिचंच.

बाहेर बाकावर बसलेल्या दादाने ऐकलं आणि आपल्या पायांकडे पाहिलं. निळा पट्टा एका बाजूने उसवला होता.

"म्हणजे या आता टाकायच्या नाहीत," तो म्हणाला, आणि साऱ्या रस्त्याने त्या फटफट वाजवत चालला.

संध्याकाळी सगळे जेवायला बाहेर निघाले. कुलूप दादाने लावलं, आणि कुणी न सांगता दोनदा ओढून पाहिलं.