ड्रेडनॉट कोट

“ड्रेडनॉट हाय हे कापड, बाई. कशालाच भिणार न्हाय.” जाड कापड हाती आलं की चाचा ते अंगठ्यानं चोळत असं म्हणायचे. तुम्हीही असे शिंपी पाहिले असतील, गिऱ्हाइकापेक्षा कापडाशीच जास्त बोलणारे. मुंबईत खलाशांचे गणवेश शिवून ते म्हातारपणी बेंबळीला परतले आणि आमच्या शाळेसमोर मशीन मांडून बसले.

मी तेव्हा इंग्रजीची नवी बाई. साडीची इस्त्री कडक, अक्कल कमी. भर दुकानात त्यांना सुनावलं, की ड्रेडनॉट म्हणजे अवजड तोफांची युद्धनौका, कापड नव्हे. चाचा हसले. खलाशी वादळात घालतात त्या जाड कोटालाही तेच म्हणतात, असं सांगून त्यांनी खुंटीवरचा आपला काळा कोट दाखवला. घरी शब्दकोश उघडला, तर दोन्ही अर्थ होते. मूळ अर्थही होता, कशालाच न भिणारा. मी शब्दकोश मिटला, पण चाचांना ते कळू दिलं नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बांधावरून दोघा भावांची जुंपली. धाकटा रक्तबंबाळ होऊन दुकानात घुसला, मागून थोरला कुऱ्हाड घेऊन आला. मी ब्लाउजचं माप द्यायला गेले होते. क्षणात टेबलाखाली शिरले. चाचांनी कोट ओढून हाताला गुंडाळला आणि दारात उभे राहिले.

“बाजूला सर म्हाताऱ्या, न्हायतर तुझं बी मुंडकं उडवीन.”

“भाऊ हाय त्यो तुझा. मला मार आन् घरी जा.”

पहिला घाव कोटात रुतला. दुसरा कोट फाडून हाडात गेला. वाळकं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. तिसऱ्याआधी चाचांनी कोट त्याच्या डोक्यावर टाकला. मग गर्दीनं थोरल्याला पाडलं आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली. त्याच्या तोंडातून रक्त आलं तरी कुणी थांबेना. शेवटी चाचाच तुटका हात घेऊन त्याच्यावर आडवे पडले, तेव्हा लाथा थांबल्या.

शब्दकोश घेऊन मी दवाखान्यात गेले. तुमचंच बरोबर होतं म्हटलं, आणि मी टेबलाखाली होते हेही सांगून टाकलं.

“बरं केलंत. म्या बी लई भ्यालो होतो,” चाचा म्हणाले. “जहाजावर असलं नाव भ्यालेल्यांनीच लिवलं असंल.”

उजव्या हातात पुन्हा कात्री आली नाही. डाव्यानं त्यांनी एकच काम केलं, तो कोट शिवून मला पाठवला.

आता चाचा नाहीत. थंडीत मी कोट घालते, नात हसते. बाहीवर पांढऱ्या दोऱ्याच्या दोन वाकड्या शिवणी आहेत. सरळ करून देऊ का, असं विचारणाऱ्या एकाही शिंप्याला मी त्या शिवणींना हात लावू दिलेला नाही.