बुजवलेला झरोका

मीटरवर जे दिसत नाही ते माझ्या लेखी नसतंच. इलेक्ट्रिकल इंजिनियर माणूस... भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात मोठ्याने हसणारा मीच. तरी लिहितोय, कारण घरी सांगायला कोणी नाही. बायको गेली, त्यानंतर मी एकटाच असतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या घाटनांदूरला काम होतं. बाजारपेठेतली जुनी दगडी इमारत, खाली अप्पांचं कापडदुकान, वर गोदाम. छतावरच्या सोलरमधून वर्षभरात जेवढी वीज मिळेल तेवढ्यातच अख्खी इमारत चालवायची होती. म्हणजे एसीची गार हवा जिथून निसटते ती प्रत्येक फट बुजवणं आलं. शेवटी उरला गोदामाच्या मागच्या भिंतीतला वीतभर झरोका.

दुपारी दीडच्या सुमाराला मी तिथं एकटाच माप घेत होतो. झरोक्यातून आवाज आला, "जेवलास का बाबा?"

म्हाताऱ्या माणसाचा, मायेचा आवाज. वाटलं, गल्लीत कोणी कोणाला विचारतंय. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा तेच! मग शिडी लावून डोकावलो — पलीकडे लगेच शेजारची भिंत, मध्ये हात जाईल एवढीच जागा.

घाबरायला हवं होतं. खरं सांगू? बरं वाटलं. बायको गेल्यापासून मला हे कोणी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आला तेव्हा न राहवून मी म्हणालो, "नाही." वाट बघितली... पुढे काहीच नाही. स्वतःचीच लाज वाटली. भ्रम झालाय म्हणत तासाभरात झरोका बुजवून टाकला.

संध्याकाळी चहा पिताना अप्पांना सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"आवो, आमच्या दुकानाचे मुनीमजी ते! झरोक्याखाली बसायचे. जाऊन लई वर्सं झाली त्यास्नी. एकटाच जीव. दुपारी एकेकाला इचारायचे, आन् समदे जेवल्याबिगर सोताचा डबा उघडायचे न्हाईत."

"तुम्हाला कधी ऐकू आलं?"

"मला कावून येईल? मी घरून जेवून येतो की."

मिळालेली वीज वजा वापरलेली वीज, इमारतीचं वर्षाचं गणित बरोबर शून्यावर बसलं. सगळ्यांनी कौतुक केलं.

आता दर महिन्याला रीडिंग घ्यायला जातो तेव्हा डबा नेतो. त्या भिंतीपाशी बसून जेवतो आणि मोठ्याने सांगतो, "जेवलो, मुनीमजी. आता तुम्ही बसा."

बुजवलेल्या झरोक्यातून ते त्यांच्यापर्यंत पोचतं का, कळत नाही. तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. फक्त एक गोष्ट छळते... त्यांनी माझ्याकडून ऐकलेला शेवटचा शब्द 'नाही' होता.